इलियासच्या पटाश्या आणि खतीजाचं मीठ

रोह्याला नदीपलीकडे अष्टमी गावच्या मोहल्ल्यात इलियासचं घर सापडायला कुणाला कधी त्रास पडला नाही. त्रास पडायचा तो इलियास सापडायला. दारात येऊन कुणीही विचारलं, "इलियासभाई हायत काय?" की आतून खतीजाचा आवाज यायचा, "मस्कतला!" वीजबिलवाला येवो, पतपेढीचा माणूस येवो, नाहीतर लग्नाचं आवतण घेऊन कुणी पाहुणा येवो, उत्तर एकच. हे उत्तर बायकोच्या जिभेवर असं बसलं होतं, की इलियास कायमचा घरी परतला त्यानंतरही एकदा गॅसवाल्याने हाक मारली आणि ती चुलीपासून ओरडली, "मस्कतला!" इलियास तेव्हा पडवीतच लुंगी लावून चहा पीत बसला होता. गॅसवाल्याने त्याच्याकडे बघितलं, त्याने गॅसवाल्याकडे बघितलं.

"आलोय मी," इलियास कसनुसा हसत म्हणाला.

मोहल्ल्यात आठवडाभर ह्यावर हसणं झालं. इलियासही हसला. पण त्याला ते लागलं होतं, आणि खोल लागलं होतं. आपल्याच घरात आपण नसतो ह्याची सगळ्यांना इतकी सवय झाली आहे, हे माणसाला पचायला जड जातं. मुलगी हुदा तर अजून त्याच्याशी बोलताना वाक्य संपलं की क्षणभर थांबायची. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो ना, त्या सवयीने. बाप समोर पाटावर बसलेला, आणि पोरगी त्याचा आवाज समुद्रापलीकडून यायची वाट बघते आहे!

मस्कतला इलियास वाद्यांच्या दुकानात होता. उद नावाचं अरबी तंतुवाद्य, गिटार, जे मोडेल ते तिथे यायचं. सुरुवातीला त्याच्या हातात झाडू होता, मग पॉलिश पेपर आला, मग लाकूड तासायची पटाशी. म्हाताऱ्या मालकाने त्याला शिकवलं, शिव्या घालून शिकवलं, पण पोटतिडकीने शिकवलं. शेवटी शेवटी अख्खी गिटार इलियास एकटा उभी करायचा. हत्यारं मालकाची, हात इलियासचे. म्हातारा गेला तशी त्याच्या पोरांनी दुकान बंद करून मोबाईलचं थाटलं आणि हत्यारं एकगठ्ठा विकून टाकली. इलियासने आठवण म्हणून एक पटाशी मागितली, तर म्हणाले, सौदा झालाय. तो घरी आला तेव्हा बॅगेत खजूर होते, ब्लँकेट होतं, अत्तर होतं, आणि हत्यार म्हणाल तर नखं कापायचं नेलकटर होतं.

आता माणसाने काय करावं? खतीजाचा भाऊ सलमान मस्कतलाच होता. एका फर्निचरच्या फॅक्टरीत तो दाजींसाठी जागा लावायच्या खटपटीला लागला. पण इलियासला परत जायचं नव्हतं. त्याला इथे, ह्या पडवीत बसून गिटार बनवायची होती.

"गिटार?" खतीजा म्हणाली. "घेणार कोण? धाटावच्या कारखान्यांतले शिफ्टवाले? डबा एका खांद्याला आणि गिटार दुसऱ्या खांद्याला?"

घेणारी एक होती. पेणला नमिता नावाची बाई गिटारचे क्लास घ्यायची. परत आल्यावर इलियासने तिच्या गिटारची मोडलेली मान बसवून दिली होती. ती म्हणाली होती, "तुम्ही बनवा, मी वाजवून खरं काय ते सांगेन. चांगली असली तर मी घेईन आणि माझी मुलंही तुमच्याकडेच पाठवेन." ह्या एका शब्दावर नवरा-बायकोचं ठरलं. सलमानचा व्हिसा येईपर्यंत इलियासने एक गिटार करायची. नमिताने घेतली तर तो राहिला. नाही घेतली, तर मुकाट्याने विमानात बसायचं. ठरवताना खतीजाच्या तोंडावरची रेषही हलली नाही. इलियासला वाटलं, हिला मी गेलेलाच बरा.

पण गिटार करायची म्हणजे हत्यार पाहिजे, आणि तिथेच गाडं अडलं. सुताराचं हत्यार वेगळं आणि हे वेगळं. गिटारच्या वरच्या फळीला पापडासारखी पातळ करायची, तिच्या पोटात काडीसारख्या पट्ट्या चिकटवायच्या, मग त्या पट्ट्या तासत तासत फळी बोलायला लागेपर्यंत हलक्या करायच्या. एक घाव जास्त गेला की झालं, बसा बोंबलत.

त्याने मोबाईलवरून पटाश्यांचा संच मागवला. डबा असा, की नवरीचे दागिने ठेवावेत. आत लाल मखमल. इलियासने देवदारावर, म्हणजे सगळ्यात मऊ लाकडावर, पहिला हात मारला आणि पटाशीची धार चपातीच्या कडेसारखी वळली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मग तो पेणला हार्डवेअरच्या दुकानांतून हिंडला. तिथल्या पटाश्या दणकट होत्या, पण अंगठ्याएवढ्या जाड. "ह्याने बिजागरीची खाच पाड, कोयंडा बसव," दुकानदार म्हणाला, "पापड कशाला कापतोस?" परदेशी हत्यारं मिळत होती, इलियासने ती मस्कतला रोज हाताळली होती. त्यांची किंमत बघून त्याने मोबाईल पालथा ठेवला.

असा हिरमुसला होऊन तो एक दिवस रोह्याच्या स्टँडवर आला, तर चपलेचा अंगठा तुटला. कोपऱ्यावर पुंडलिक बसायचे, चपला शिवायचे. त्यांनी नवा अंगठा घातला आणि चामड्याची वाढलेली कड रापीने कापली. कापली म्हणजे काय, रापी नुसती फिरली आणि चामडं खाली पडलं. आवाज नाही, ओढाताण नाही. इलियास चप्पल विसरला.

"पुंडलिकभाऊ, ही रापी कुठली?"

"पेणची. गोदूबाई करती."

"दुकान कुठाय तिचं?"

"दुकान?" पुंडलिक हसले. "घिसाडी हायत ती. पाऊस सरला की खोपोलीच्या रस्त्याला त्यांचं बिऱ्हाड उतरतं. घणाचा आवाज आला की उतर."

झालं, दुसऱ्या दिवशी इलियास एसटीत बसला. पेणबाहेर रस्त्याच्या कडेला ताडपत्रीची दोन पालं, एक बांधलेला बोकड आणि मध्ये भट्टी. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसलेला, आणि पदर खोचून घण मारणारी गोदूबाई. बाई काटकुळी, पण घण असा यायचा की जमीन हलावी.

"काय करू?" तिने घण न थांबवता विचारलं.

"पटाशी पायजे. बारीक."

"कापायचं काय?"

"लाकूड."

"लाकूड कुऱ्हाड पन कापती. कापून दाव कसं कापतोस ते."

इलियास उभा राहिला, मस्कतच्या टेबलापुढे राहायचा तसा, आणि दोन्ही हातांनी हवेत पटाशी चालवून दाखवली. गोदूबाईने घण टेकला आणि नवऱ्याकडे बघून खो खो हसली.

"उभ्यानं तासतोस? बगळा हायस काय रं भावा? बस की खाली!"

इलियास वरमला. पण बसला. तिने पुढे टाकलेली फळी त्याने दोन्ही पावलांत धरली, आणि त्याच्या ध्यानात आलं, फळी हलत नाही. लहानपणी मोहल्ल्यातले सुतार असेच बसायचे. टेबल नाही, लाकूड आवळून धरणारं व्हाईस नावाचं महागडं धूड नाही. पायांच्या बोटांनी लाकूड असं धरलं जात होतं की जसं काही ते आपल्याच अंगाचं आहे. तो हिशेब करून बसला होता की टेबल आणि व्हाईस घ्यायला अजून बरीच कमाई लागेल. ते सगळं त्या रस्त्याच्या कडेला वाचलं, आणि वर बगळा म्हणून घ्यावं लागलं ते फुकट.

गोदूबाईने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून एक पटाशी काढून दिली. ती घरी आणून चालवली तर धारेचा तुकडा उडाला. इलियास डोक्याला हात लावून परत पेणला गेला. गोदूबाईने तुकडा बघितला, मनाशीच चुकचुकली. "शेतकऱ्याच्या कोयत्यासारखं पानी दिलं मी. लई कडक झालं. चूक माझी हाय, दे इकडं." ह्या वेळी इलियासने पातळ केलेली देवदाराची फळीच सोबत नेली होती. ती तिने उजेडाला धरली, तिच्याआडून नवऱ्याला बघितलं आणि म्हणाली, "आत्ता कळलं. ह्याला नरम हात पायजे." मग पुन्हा भट्टी, पुन्हा घण, पुन्हा पाणी. नवीन पटाशी इलियासने तिथेच बसून देवदाराच्या टोकावर चालवली. मऊ लाकूड वाईट हत्याराखाली चुरडतं. हे चुरडलं नाही, काचेसारखं चमकलं. इलियासच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्याने भट्टीच्या धुराला शिव्या दिल्या.

असं करत दोन पटाश्या झाल्या, रापीच्या घडणीची एक सुरी झाली, रंध्याचं पातं झालं. रंध्याचं अंग त्याने स्वतः बाभळीतून कोरलं. केसासारखी करवत पेणच्या एका सोनाराने जुनी म्हणून दिली. निघताना गोदूबाई म्हणाली, "पाण्यापासून जप. आणि खाऱ्या हवेपासून तर लईच जप. तुमच्या खाडीच्या वाऱ्यानं लोखंड सडतं." एवढं बोलून ती बोकडाला शिव्या घालायला निघून गेली.

लाकूडही असंच जमलं. डोलवीच्या कंपनीत परदेशी मशीनं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या देवदाराच्या फळ्या भंगारवाल्याकडे पडून होत्या. गिटारच्या मागच्या बाजूला जुन्या पलंगाची शिसव. इलियास पडवीत फरशीवर बसून दिवसभर तासायचा. खतीजा येता-जाता भुसा झाडायची आणि कुरकुरायची. "जेवणात पण लाकूड येतं आता. आमटीत काय टाकू, कोथिंबीर की तुमचा भुसा?" पण तासताना तो आवाज ऐकायला ती दारात थोडी जास्तच थांबायची, हे इलियासने बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

वरची फळी तयार झाली. आतल्या पट्ट्या चिकटवल्या. चिकटेपर्यंत त्यांना दाबून ठेवायचं तर शिकंजे लागतात, तेही डझनांनी. इलियासने हुदाच्या जुन्या जीन्सचे पाय कापले, त्यांत सुकी रेती भरली, तोंडं शिवली आणि त्या लोडांचं वजन फळीवर ठेवलं. हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळून फळीखालच्या पाटावरच बाजूला ठेवली. आणि नेमका सलमानचा फोन आला. व्हिसा निघतोय, दाजी, मुंबईला जाऊन मेडिकल करून घ्या.

इलियासला जावं लागलं. मेडिकलच्या रांगेत सकाळ गेली, रिपोर्टसाठी एक रात्र कुर्ल्याला चुलतभावाकडे काढावी लागली. त्या दोन दिवसांत रोह्यावर अवकाळी ढग धरले. पाऊस पडला नाही, पण हवा अशी दमट झाली की भिंतींना घाम फुटला.

तो परतला आणि पडवीत पाय टाकून बघतो तर काय! त्याच्या फळीवर, रेतीच्या लोडांवर, मिठाच्या दोन गोण्या होत्या. नारळांच्या मुळांत घालायला आणलेलं जाडं मीठ, मागच्या पडवीत पडून असायचं ते. ढगाळ हवेत मीठ पाझरलं होतं. गोण्यांखालून खारं पाणी ओघळून फळीभर पसरलं होतं, पाटावर साठलं होतं, आणि हत्यारांचं फडकं त्यात न्हाऊन निघालं होतं. गोण्या ओढून काढल्या तर फळी होडीसारखी वाकलेली. फडकं उघडलं तर पटाश्या तांबड्या. सुरीची धार तांबडी. ज्या पोलादापायी तो पेणच्या एसटीत हाडं खिळखिळी करत हिंडला, ते सगळं गंजलेलं.

"हे कुणी केलं?"

खतीजा स्वयंपाकघराच्या दारात आली. "मी ठेवलं," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

आणि मग इलियास बोलू नये ते बोलला. "एवढी घाई होती? मला घालवायचंच होतं तर तोंडाने सांगायचं होतंस! मिठात कशाला घातलंस माझं काम?"

खतीजा ही भांडणारी बाई, शेजारणीला एकाचे चार ऐकवणारी, ती आज गप्प आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"अब्बा," हुदा म्हणाली. ह्या वेळी ती थांबली नाही, बापाच्या उत्तराची वाट बघितली नाही, एका दमात बोलली. "तुमचा तो लोड घसरलेला. फळीची कड उचललेली. अम्मी घाबरली. मी म्हटलं, अब्बांना फोन कर, तर म्हणे, दवाखान्याच्या रांगेत असतील, कशाला डोक्याला ताप. तिने एकटीने गोण्या ओढून आणल्या. कंबर धरून बसली होती नंतर. म्हणत होती, लाकूड उठलं तर गिटार नाय होणार, आणि गिटार नाय झाली तर हे परत जातील. मी पण होते ना तिथे! मीठ पाझरतंय हे कळलं असतं तर काढलं नसतं काय आम्ही?"

इलियास पाटाशेजारी खाली बसला. बाहेर धाटावच्या दुसऱ्या पाळीच्या मोटरसायकली गेल्या, अजान झाली, आणि त्याला उठायचं सुचेना. त्याला लाज वाटली, अशी की कुणाला तोंड दाखवू नये. एवढी वर्षं त्याने समजून चाललं होतं की खतीजाला त्याच्या नसण्याची सवय झाली. सवय झाली होती, हे खरं. पण ती सवय तिला किती जड गेली, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. पैसे पोचले काय, एवढंच विचारलं होतं.

तो आत गेला. खतीजा ओट्याशी पाठमोरी उभी राहून चिंच भिजवत होती.

"खतीजा, चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं," ती वळलीच नाही. "ती हत्यारं आणा इकडे."

"कशाला?"

"विळीला गंज चढला तर काय विळी फेकते मी? आणा म्हटलं ना!"

मग तिघं मागच्या दारी बसली. खतीजा चिंचेचा कोळ आणि राख लावून नारळाच्या काथ्याने एकेक पटाशी घासायची, हुदा कोमट पाण्यातून काढून कोरडी करायची, आणि इलियास दगडावर धार लावून तेल पुसायचा. गंज वरवरचा होता, पोटात शिरला नव्हता. गोदूबाईचं पोलाद! तांबडं पाणी वाहून गेलं आणि खालून करडं, थंड लोखंड दिसायला लागलं. खतीजाने पहिल्यांदाच ते नीट हातात घेऊन बघितलं. "हलकं हाय हो," ती म्हणाली. "मला वाटायचं जड असेल."

फळीचं काम मात्र सोपं नव्हतं. पट्ट्या सोडवाव्या लागल्या, फळी गोड्या पाण्यातून काढून मीठ घालवावं लागलं, दोन सपाट पाटांमध्ये दाबून सावलीत सुकवावी लागली. होडीची फळी पुन्हा सरळ झाली. पण हत्यारांचा गंज जिथे लाकडात उतरला होता, तिथे एक काळपट तांबूस डाग राहिला. रंधा मारून तो जाईना, आणि जास्त मारला तर फळीच संपली असती.

आणि सलमानचा फोन यायचाच होता, तो आला. व्हिसा निघाला होता. इलियास हातातलं काम सोडून उठेपर्यंत खतीजाने फोन घेतलेला होता. "होय रे बाबा, होय. तुझे उपकार हायत. पण ती जागा दुसऱ्या कुणा गरजूला दे. नाय, नाय येत ते." तिने फोन ठेवला आणि लसूण सोलायला घेतला.

"अगो, पण गिटार कुठे झालीय अजून?" इलियास म्हणाला. "वाजली नाय तर?"

"नाय वाजली तर पडवीची खिडकी दुरुस्त करा. किती वर्षं लागत नाय ती. नंतर दुसरी गिटार करा. मला काय विचारता?"

इलियासला हसू आलं. तो पडवीत जाऊन बसला. पटाशी उचलली आणि पुन्हा तासायला लागला.

गिटार झाली तेव्हा नमिता पेणहून एसटीने आली. पडवीत चटईवर बसली, तारा लावल्या, कान टेकवला आणि वाजवायला लागली. आजूबाजूच्या दारांतून माणसं डोकावली. नमिता बराच वेळ वाजवत राहिली. मग म्हणाली, "खालचा सूर अजून थोडा भरायला हवा. वाजून वाजून भरेलही. पण इलियासभाई, आवाज खोटा नाही हिचा. मी घेते." मग फळीवर बोट फिरवत तिने विचारलं, "हा डाग तेवढा जाईल का?"

हुदा अम्मीकडे बघायला लागली.

"ही ऱ्हाऊ दे, ताई," इलियास एकदम म्हणाला. "तुम्हाला मी दुसरी करून देतो. बिनडागाची. ही घरातच ठेवतो मी."

"काय?" खतीजा आतून तडक बाहेर आली. "पहिलंच गिऱ्हाईक दारातून परत पाठवता? व्यापार करायला बसलात की मजारीवर चादर चढवायला? ताई, तो डाग माझा हाय. जायचा नाय तो. तरी पण गिटार चांगली हाय, माझ्या नवऱ्याने केलीय. चालत असेल तर घ्या."

नमिता हसली. "चालतो की," ती म्हणाली, आणि गिटार पिशवीत घातली. इलियास ती पिशवी रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिला. मग त्याने उरलेल्या शिसवीची फळी पायात धरली आणि रंधा घेतला. खतीजाने त्या दोन गोण्यांतलं मीठ टोपलीत घेऊन नारळांच्या मुळांत ओतायला सुरुवात केली.

तेवढ्यात पुढच्या दारी कुणीतरी सायकल लावली. पतपेढीचा नवा माणूस होता. "इलियासभाई हायत काय?"

मागच्या परड्यातून, हातात मिठाची टोपली तशीच धरून, खतीजाने उत्तर दिलं.

"हायत! पडवीत कामाला बसलेत!"